पर्सनल कॉम्प्युटर ‘पर्सनल’ कसा? आमचा तर अख्ख्या वाडीचा होता

मुचकुंदी

सध्या आगोटीची कामं चालू आहेत. कौलं चाळून झाली, लाकडं आत घेतली आणि काल पोटमाळा झाडायला काढला. कोपऱ्यात गोणपाटाखाली बाबांचा जुना कॉम्प्युटर निघाला. 2001 सालचा, रत्नागिरीहून जोडून आणलेला. झाकण उघडलं तर आत उंदरांनी सुंभ आणि जुन्या पंचांगाची पानं घालून संसार मांडलेला. स्क्रू गंजून भुगा झालेत, मागच्या पितळी भोकांवर हिरवा कळंक चढलाय. आमचं घर खाडीपासून दोनशे पावलांवर, खारा वारा काहीच सोडत नाही. गंमत म्हणजे बिल मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत जसंच्या तसं: ‘पर्सनल कॉम्प्युटर, नग 1, रु. 37,500’.

सुट्टीला आलेला भाचा सातवीत आहे. त्यानं बिल वाचलं आणि विचारलं, “मावशी, आजोबांचा पर्सनल होता? मग तू तर म्हणतेस सगळे वापरायचे.”

खरंच आहे त्याचं. तो कॉम्प्युटर बाबांच्या नावावर, पण ‘वैयक्तिक’ म्हणावा असा एक दिवस त्याच्या वाट्याला आला नाही. शेजारचे काका पतपेढीचे ठराव टाइप करायला यायचे. सत्यनारायणाच्या पत्रिका त्यावरच. दहावीच्या निकालाला ओटीवर पंधरा-वीस पोरं आणि त्यांच्या आया बसलेल्या, फोनची वायर माजघरातून ओढून आणलेली, आणि निकाल लागला रे लागला की वळवाची वीज कडाडायची आणि बाबा धावत जाऊन वायर उपटायचे. (एक मोडेम असाच जळला होता. त्यानंतर आकाशात नुसता काळा ढग दिसला तरी वायर बाहेर.) आम्हा तिघा भावंडांना पत्ते खेळायला अर्धा-अर्धा तास, भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे. पावसाळ्यात त्याला घोंगडीत गुंडाळून कपाटात ठेवायचे आणि ओल येऊ नये म्हणून आत बारका बल्ब लावून ठेवायचे. आम्हाला इतकं कुणी जपलं नाही.

मी डीटीपीचं काम करते, दिवसभर याच डब्यासमोर बसते, पण याचं बारसं कुणी केलं हे मला सांगता आलं नाही. शोधायला गेले तर प्रत्येक जण वेगळाच ‘पहिला’ सांगतोय. इथे जाणकार आहेत म्हणून विचारते. नाव कुणी ठेवलं, कधी, आणि ‘पर्सनल’ म्हणजे नेमकं काय म्हणायचं होतं?

पूर्णविराम

आयबीएम. 12 ऑगस्ट 1981. मॉडेल 5150. डब्यावरच ‘पर्सनल कॉम्प्युटर’ छापलेलं होतं. विषय संपला.

देवगडकार

आमच्या शाळेतलो पर्सनल कॉम्प्युटर कपाटात कुलूप लावन ठेवलेलो. चावी हेडमास्तरांच्या खिशात. तेवा पर्सनल म्हणजे कोणाचो, ता आमका चौथीतच कळला. वर्षातसून एकदा, पंधरा ऑगस्टाक, तेचेर हार घालीत.

रहाटगाडगं

मुचकुंदीताई, पूर्णविरामांनी दिलेली तारीख बरोबर आहे, पण ती बारशाची नव्हे, मुंजीची. नाव त्याच्या बरंच आधी पडलेलं होतं.

थोडं लांबून सांगतो, कारण ‘पर्सनल’ या शब्दाचा अर्थ ज्यानं त्याच्या आधीचा काळ पाहिला नाही त्याला पटत नाही. मी 1974 साली मुंबईला एका मोठ्या ऑफिसात पंच ऑपरेटर म्हणून चिकटलो. गुहागरहून गेलेला अकरावी पास पोरगा, टायपिंगची परीक्षा झालेली, एवढं भांडवल. कॉम्प्युटर होता काचेच्या खोलीत. एसी त्याला, आम्ही पंख्याखाली. आत जायचं तर चपला बाहेर काढायच्या. नऊ वर्षं त्या खात्यात काढली, पण त्या मशीनला मी एकदाही हात लावलेला नाही. लांबून दर्शन, बस.

काम असं चालायचं. प्रोग्रामर साहेब कागदावर लिहून द्यायचे, आम्ही की-पंचवर कार्डं पाडायचो. पोस्टकार्डापेक्षा थोडं लांबट, पातळ पुठ्ठ्याचं कार्ड, त्यावर 80 रकाने, म्हणजे एका कार्डात फार तर 80 अक्षरं. अक्षर मारलं की बारीक चौकोनी भोक पडायचं. मग दुसरं कुणी तरी व्हेरिफायरवर तोच मजकूर परत मारून तपासायचं. मग गठ्ठा ट्रेमध्ये घालून खिडकीतून आत. आत कुणाकुणाचे गठ्ठे आधीच रांगेत. पगाराचं काम असेल तर ते पहिलं, मग साठ्याचं, मग तुमचं. रात्री पाळी लागली तर सकाळी छापील कागद हाती. त्यात दिसायचं की कोबोल या प्रोग्रामिंगच्या भाषेत एका ओळीच्या शेवटी पूर्णविराम राहिलाय. (इथल्या पूर्णविरामांनी राग मानू नये, पण तुमच्या नसण्यानं माणसाचा अख्खा दिवस जायचा.) एक कार्ड बदलायचं आणि पुन्हा रांगेत.

जुलै-ऑगस्टात आणखी मजा. दमट हवेनं कार्डं फुगायची आणि वाचणाऱ्या यंत्रात अडकून चोळामोळा होऊन बाहेर यायची. एकदा जिन्यात माझ्या हातून सातशे-आठशे कार्डांचा ट्रे सांडला. तेव्हा एका जुन्या ऑपरेटरनं शिकवलं: गठ्ठा बांधला की त्याच्या वरच्या कडांवर पेन्सिलीनं एक तिरपी रेघ ओढून ठेवायची. सांडला तर रेघ जुळवत जायचं, क्रम आपोआप लागतो. ही युक्ती पुढे मी आंब्याच्या पेट्यांच्या पावत्यांनाही वापरली.

आता आमच्या गुहागरच्या घराकडे या. विहिरीत चौघांचा हिस्सा, सातबाऱ्यावर सामाईक. सुपारीची वाडी शिंपायची ती पाळीनं. सोम-गुरू थोरल्या काकांचे, मंगळ-शुक्र आमचे, असं ठरलेलं. तुमच्या आळ्यातली माती तडकली तरी पाळी येईपर्यंत रहाटाला हात लावायचा नाही. लावलात तर पुढची दोन वर्षं बोलाचाली बंद. मोठा कॉम्प्युटर म्हणजे ही सामाईक विहीर होती. पाणी भरपूर, पण ते तुमच्या तहानेप्रमाणे मिळत नाही, पाळीप्रमाणे मिळतं.

अमेरिकेतही हेच रडगाणं होतं, म्हणून 1961 च्या सुमारास एमआयटी या विद्यापीठात फर्नांडो कॉर्बाटो आणि मंडळींनी टाइम-शेअरिंग काढलं. रहाट एकच, पण पाटाचं तोंड इतकं भराभर फिरवायचं की प्रत्येकाला वाटावं, पाणी आपल्याच आळ्यात येतंय. युक्ती उत्तम. पण गर्दी वाढली की धार बारीक व्हायचीच.

या पार्श्वभूमीवर ही जाहिरात बघा. ऑक्टोबर 1968, ‘सायन्स’ हे अमेरिकेतलं शास्त्रज्ञांचं साप्ताहिक. त्यात ह्यूलेट-पॅकार्डनं आपल्या 9100ए या मशीनची जाहिरात दिली आणि त्याला चक्क ‘पर्सनल कॉम्प्युटर’ म्हटलं. वर सांगितलं काय, तर मोठ्या कॉम्प्युटरवर तुमचा नंबर लागायची वाट बघण्यातून हा तुमची सुटका करील. ताई, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर या एका वाक्यात आहे. मालकीचा मुद्दाच नव्हता. त्या मशीनची किंमत 4,900 डॉलर, त्याहून कमी पैशात तेव्हा अमेरिकेत नवी मोटार मिळायची. घेणार प्रयोगशाळा किंवा कंपनी. ‘पर्सनल’ याचा अर्थ एवढाच की बसलेल्या माणसाचं काम होईपर्यंत दुसरं कुणी मध्ये येणार नाही. पाळी न लावता मिळणारं पाणी.

तुमच्या बाबांचा कॉम्प्युटर त्या अर्थानं पर्सनलच होता. पतपेढीवाले काका बसलेले असताना यंत्र पुरतं त्यांचं, तुम्ही पत्ते खेळताना पुरतं तुमचं.

त्या 9100ए ची आणखी एक गंमत. अठरा किलोचं धूड, टेबलावर मावणारं, छोटा पडदा, प्रोग्राम साठवायला चुंबकीय कार्ड. कॉम्प्युटर म्हणायला हरकत नव्हती. पण कंपनीनं पुढे त्याला कॅल्क्युलेटर म्हणूनच विकलं. कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, बिल ह्यूलेट, यांनीच नंतर कारण सांगितलं: कॉम्प्युटर म्हटलं असतं तर गिऱ्हाइकांच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्या पंडितांनी ते नाकारलं असतं, कारण ते आयबीएमसारखं दिसत नव्हतं. कॅल्क्युलेटर म्हटलं आणि सगळी कटकट मिटली. काचेच्या खोलीतल्या साहेबांना मी ओळखत होतो, त्यामुळे हे मला शंभर टक्के पटतं. आमच्याकडे एका हिशेबनीसानं मोठा कॅल्क्युलेटर मागवला तर लगेच मंजूर झाला. कॉम्प्युटरचं नाव काढलं असतं तर समिती बसली असती.

आणि 1968 च्याही आधीचा एक दाखला आहे. नोव्हेंबर 1962. जॉन मॉकली यांच्या भाषणाची बातमी न्यूयॉर्क टाइम्समध्ये आली. ते म्हणाले, सर्वसाधारण मुलगा किंवा मुलगी पर्सनल कॉम्प्युटर सराईतपणे वापरू शकणार नाही असं मानायला काहीच कारण नाही. हे मॉकली कोण, तर एनियाक बांधणाऱ्या दोघांपैकी एक. एनियाक म्हणजे तीस टनांचं, अठरा हजारांच्या आसपास व्हॉल्व्हचं (जुन्या रेडिओतल्यासारख्या काचेच्या नळ्यांचं) यंत्र, 1946 साली जगाला दाखवलेलं. तीस टनांचा बाप्या ज्यानं उभा केला, त्याच्याच तोंडी सोळा वर्षांनी पोरासोरांच्या हातातल्या कॉम्प्युटरची भाषा.

तुमच्या सातवीतल्या भाच्याला ही दुसरी गोष्ट आधी सांगा.

खाडीपल्याड

रहाटकाका, विहीर पक्की डोक्यात बसली. थोडी भर घालतो.

पाळीवर चिडून मुळातच वेगळं यंत्र बांधणारा माणूस म्हणजे वेस्ली क्लार्क. एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत सगळे टाइम-शेअरिंगच्या मागे असताना हा म्हणत होता की एका माणसापुढे एक यंत्र हवं. 1962 साली त्यानं लिंक नावाचा छोटा कॉम्प्युटर केला, जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांसाठी. उंदराच्या मेंदूतले विद्युत संकेत टिपणाऱ्या संशोधकाला ‘उद्या सकाळी या’ म्हणून चालत नाही. (मुचकुंदीताईंकडे उंदीर थेट कॉम्प्युटरमध्येच राहायला गेले, ते वेगळं.)

आणि याच लिंकवर काम करणाऱ्या मेरी ॲलन विल्क्स. 1965 मध्ये त्यांनी हे यंत्र बाल्टिमोरला आईवडिलांच्या घरी बसवून घेतलं आणि त्यावर त्याची ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली. घरात कॉम्प्युटर वापरणारी पहिली व्यक्ती म्हणून त्यांचंच नाव घेतलं जातं. तेव्हा ‘पर्सनल कॉम्प्युटर’ हा शब्द कुणाच्या तोंडी रुळलेलाही नव्हता. वस्तू आधी घरात आली, नाव मागून रुळलं. 

माझी शंका मात्र वेगळी आहे. मधल्या काळात मिनी, मायक्रो, होम, डेस्कटॉप अशी नावांची जत्रा होती. माझ्या मोठ्या भावाच्या शाळेत ऐंशीच्या दशकात शाळांना कॉम्प्युटर देणाऱ्या सरकारी ‘क्लास’ योजनेत आलेलं यंत्र होतं त्याचं नाव बीबीसी मायक्रो. पर्सनल नव्हे, मायक्रो. मग बाकीची नावं बुडाली आणि हे एकच तरलं कसं?

रहाटगाडगं

चांगला प्रश्न. मायक्रो हे नाव कारखानदारांच्या बाजूनं आलं. आत मायक्रोप्रोसेसर, म्हणजे एका चिपवरचा मेंदू, म्हणून मायक्रोकॉम्प्युटर. इंटेलचा पहिला मायक्रोप्रोसेसर 4004 हा 1971 चा, मग 1974 मध्ये 8080. त्या 8080 वर अमेरिकेतल्या अल्बुकर्कच्या एड रॉबर्ट्सनं अल्टेअर 8800 काढला, सुटे भाग घरी नेऊन स्वतः डाख मारून जोडायचा. जानेवारी 1975 च्या पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स मासिकाच्या मुखपृष्ठावर तो झळकला. किंमत 397 डॉलर. आणि मुखपृष्ठावर त्याला म्हटलंय काय, तर ‘मिनीकॉम्प्युटर किट’. म्हणजे ज्याला आज लोक पीसीचा मूळपुरुष मानतात त्याला स्वतःच्या बारशाला भलतंच नाव पडलं.

त्याआधीचं, झेरॉक्सचे संशोधक ॲलन के यांचं 1972 चं टिपण आहे, त्याचं शीर्षकच ‘सर्व वयांच्या मुलांसाठी पर्सनल कॉम्प्युटर’ असं. पाठोपाठ झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत 1973 मध्ये आल्टो झाला: माउस, खिडक्या, सगळं. पण तो बाजारात विकायला आला नाही. 1977 मध्ये ॲपल टू, टॅन्डीचा टीआरएस-80 आणि कमोडोरचा पेट, हे तिघे जवळपास एकदम उतरले. पेट या नावातच ‘पर्सनल’ कोंबलेलं होतं: पर्सनल इलेक्ट्रॉनिक ट्रान्झॅक्टर. लांबलचक नाव आधी की ‘पेट’ हे लाडकं नाव आधी, ते बघणाऱ्यानं ओळखावं.

तर शब्द हवेत होता, सगळ्यांचा होता. होम कॉम्प्युटर म्हटलं की मुलांचे खेळ डोळ्यांपुढे यायचे, ऑफिसात कोण घेणार? मायक्रो म्हटलं की गिऱ्हाइकाला काही बोध नाही. पर्सनल हे दोन्हीकडे चालण्यासारखं, साहेबाच्या टेबलावरही आणि घरीही. आणि इथे पूर्णविरामांची तारीख कामाला येते. आयबीएमनं 1981 मध्ये हा सगळ्यांचा शब्द उचलून आपल्या डब्याचं नाव केलं. नुसतं ‘पर्सनल कॉम्प्युटर’, मागेपुढे काही नाही. उद्या कुणी आपल्या हॉटेलाचं नाव ‘मासे’ ठेवावं तसं. ॲपलवाल्यांनी वर्तमानपत्रात पानभर जाहिरात देऊन ‘या आयबीएम, मनापासून स्वागत’ म्हटलं. आपणच पर्सनल कॉम्प्युटर आधी आणला असा त्यांचा तोरा होता.

झालं उलटंच. आयबीएमनं घाईत बाहेरचे भाग घेतले होते, चिप इंटेलची, यंत्र चालवणारी डॉस ही ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची. त्यामुळे इतरांना हुबेहूब तसं यंत्र करता आलं. कॉम्पॅकचं 1982 च्या अखेरीस जाहीर झालं, मग रांगच लागली. या सगळ्यांना म्हणायचं काय? ‘पीसी कंपॅटिबल’, म्हणजे आयबीएमच्या पीसीशी जुळणारं. पुढे ‘कंपॅटिबल’ गळून नुसतं पीसी. आपल्याकडे लॅमिंग्टन रोडला जोडलेला बिननावाचा डबा तो पीसी, आणि ज्यांनी शब्दावर हक्क सांगितला त्या ॲपलचं यंत्र मात्र पीसी नव्हे, मॅक! सामाईक जमिनीत एकानं कुंपण घातलं, गडी शेजारच्यांचे आत शिरले आणि मूळ हिस्सेदार बाहेर. असे दावे मी दापोली कोर्टात पाहिलेत.

आमच्या ऑफिसात तर ‘पर्सनल’ हा शब्द कधी कुणी उच्चारलाच नाही. 86-87 साली पहिला डबा आला तेव्हा प्रश्न एकच: एक्सटी आहे की एटी? ही आयबीएमच्या 1983 आणि 1984 च्या मॉडेलांची नावं. डबा तिसऱ्याच कंपनीचा असला तरी लोक तेच विचारायचे. मी पहिल्यांदा कॉम्प्युटरची कळ दाबली ती त्या एक्सटीवर. बारा वर्षं नोकरी झाली होती तोवर. चपला घालूनच बसलो होतो.

पूर्णविराम

मुंज मान्य. 1962 चा दाखला मला ठाऊक नव्हता. कोबोलबद्दल राग नाही.

देवगडकार

रहाटकाकानू, पाळी मोडून पाणी घेतल्यार दोन वर्षा अबोलो? आमच्याकडे तिसरी पिढी बोलणा नाय हा.

मुचकुंदी

काका, खाडीपल्याड, सगळ्यांचे आभार. काल रात्री भाच्याला ओटीवर बसवून सगळं वाचून दाखवलं. मॉकली आणि तीस टन त्याला फार आवडलं, पण त्याहून आवडलं ते आईवडिलांच्या घरी कॉम्प्युटर आणून बसवणाऱ्या बाईंचं. “त्यांच्याकडे पण शेजारी यायचे का?” हा पुढचा प्रश्न. त्याला म्हटलं, ते तू शोध.

मराठी नावाचंही मनात आलं. ‘वैयक्तिक संगणक’ हे मी पाठ्यपुस्तकाच्या कामात शेकड्यांनी टाइप केलंय, पण बोलताना एकाच्याही तोंडून ऐकलं नाही. गिऱ्हाइकं दारातून विचारतात, “ताई, कॉम्प्युटर मोकळा आहे का?” मोकळा आहे का! म्हणजे काकांची पाळी अजून संपलेली नाहीच. आठवड्यात दाखल्यांची मुदत असली की माझ्या दुकानात सकाळी आठपासून बाकावर ओळीनं माणसं बसतात. सर्व्हर चालू नसेल तर दुपारपर्यंत तिथेच. यंत्र माझ्यापुढे, मोकळं, एकटीचं, आणि पाणी कुठल्या तरी लांबच्या विहिरीतून यायचंय.

कॅबिनेटचं काय करू ते मात्र कळत नाही. भंगारवाला शंभर रुपये म्हणतो. आई म्हणते, उंदरीण व्यालेली दिसतेय, आगोट होईपर्यंत हलवू नको.

काका, तुमच्याकडे त्यातलं एखादं कार्ड उरलंय का हो? भाच्याला भोकं बघायचीत.

रहाटगाडगं

दोन आहेत. कोपरा तिरपा कापलेली, पिवळी पडलेली. एक गुरुचरित्रात खूण म्हणून आहे, त्याला वाळवीनंही आपली भोकं पाडलीत, तेव्हा आता ते वाचायला गेलं तर काय निघेल देव जाणे. दुसरं धड आहे. गणपतीत रत्नागिरीला येणं होईल तेव्हा घेऊन येतो. भाचा तोवर मुंबईला गेला असेल तर कार्ड तुमच्याकडे ठेवतो. फक्त कपाटात ठेवा, बल्ब लावून.